जंगल नेमकं कुठे संपतं? (थंडर बे ते विनिपेग, बाबांबरोबर)

वळणवाट | ५ ऑक्टोबर, रात्री ९:१२

नोकरी बदलली म्हणून मागच्या आठवड्यात बिऱ्हाड कॅनडातल्या थंडर बेहून (ऑन्टारियो प्रांत) विनिपेगला (मॅनिटोबा प्रांत) हलवलं. सामान ट्रकने पुढे गेलं आणि आम्ही चौघं गाडीने निघालो: मी, बायको आणि सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. साधारण ७०० किलोमीटर. विमानाचं नुसतं नाव काढलं तर बाबा म्हणाले, "रस्ता आहे ना? मग?" एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्यातली शेवटची बारा वर्षं सांगली-रत्नागिरी. त्यांच्याशी रस्त्यावरून वाद घालत नाही मी.

एक गोष्ट आधी माझ्या लक्षातच आली नव्हती. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. म्हणजे बाबा ज्या उजव्या सीटवर बसले होते, ती त्यांची आयुष्यभराची जागा. फक्त समोर स्टेअरिंग नाही. पहिले शंभर किलोमीटर त्यांचा उजवा पाय मॅटवर ब्रेक दाबत होता. एकदा एक लाकडाचा ट्रक समोरून आला तेव्हा हातसुद्धा उचलला गेला, हॉर्नच्या जागी. तिथे हवाच होती.

पहाटे सहाला निघालो. शबाक्वाला ११ आणि १७ नंबरचे रस्ते फुटतात, तिथून १७ धरला. दुपदरी रस्ता, वेगमर्यादा ९०, मधेमधे ओव्हरटेकिंगसाठी जादा लेन. दोन्ही बाजूंना काळपट स्प्रूस आणि जॅक पाइन, आणि थोड्या थोड्या वेळाने कातळ फोडून काढलेली खिंड. गुलाबी-करडा ग्रॅनाइट, त्यावर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या उभ्या रेघा अजून दिसतात. माथ्यावर कोणी कोणी दगडावर दगड ठेवून माणसासारखे आकार उभे केलेले. आईने पहिल्याला नमस्कार केला. "म्हसोबा असेल," म्हणाली.

रेथच्या पुढे पाणलोटाची पाटी लागते: इथून पुढचं सगळं पाणी उत्तरेला आर्क्टिक महासागराकडे जातं. अलीकडचं पाणी सुपिरियर सरोवरातून अटलांटिकला. बाबा उतरले, थर्मासमधला उरलेला चहा अर्धा पाटीच्या या बाजूला ओतला, अर्धा त्या बाजूला. थर्मासचं झाकण तिथेच राहिलं, ते ड्रायडनला कळलं. अप्साला आणि इग्नेसच्या मध्ये घड्याळ एक तास मागे जातं. यावर बाबांचा प्रश्न: "मग इथल्या ड्रायव्हरला त्या तासाचा ओव्हरटाइम मिळतो का?"

केनोराला जेवलो. घरून नेलेल्या दशम्या, दही आणि शेंगदाण्याची चटणी, समोर लेक ऑफ द वूड्स आणि तो चाळीस फुटी मासा, हस्की द मस्की. १९६७ पासून तिथे उभा आहे. त्याच्यासमोर फोटो काढला नाही तर दंड होत असावा, इतकी रांग होती.

आता मुद्द्याचं. बाबांकडे एक खिशातली वही असते. नोकरीत लॉगशीट भरायची सवय, ती सुटलेली नाही. सकाळीच त्यांनी जाहीर केलं होतं की आज जंगल कुठे संपतं त्या जागेची नोंद करायची. मी सांगून ठेवलं होतं ना, की विनिपेगजवळ एकदम सपाट होतं, झाड नाही की टेकडी नाही. त्यांच्या डोक्यात आंबा घाट. घाट चढून वर आलं, मलकापूर मागे टाकलं की कोल्हापूरकडे रान कसं उघडं होत जातं, तसं. आईबरोबर शंभर रुपयांची पैज लागली. आई म्हणाली, अशी जागा सापडणारच नाही.

मॅनिटोबात शिरल्यावर थोड्या वेळात रस्ता चौपदरी झाला. फाल्कन लेकनंतर कातळ दिसेनासा झाला. बाबांनी लिहिलं: "दगड संपला." पण झाडं होतीच. उलट दाट. पाणथळ जमीन, बारीक अंगाची स्प्रूस आणि मधेमधे पिवळीधमक टॅमरॅक. (सूचिपर्णी असून थंडीपूर्वी पिवळं पडून गळणारं झाड. सप्टेंबर अखेर आमची वेळ अगदी बरोबर साधली.) मग प्रावदा, हॅडॅशव्हिल. रस्ता फुटपट्टीने ओढल्यासारखा सरळ. झाडं आता रस्त्यापासून लांब सरकली होती, पण होती. मधेच एखादं गवताचं कुरण, गोल गठ्ठे, परत झाडं. बाबांनी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

रिचरच्या आसपास पॉप्लरचे नुसते ठिपके उरले. आणि सेंट ॲनच्या पुढे केव्हातरी, खरंच केव्हा ते सांगता येत नाही, माझ्या लक्षात आलं की मी मघापासून फक्त आभाळ बघतोय.

सूर्य बरोबर समोर, काचेच्या मधोमध. पश्चिमेला जाणारा सरळ रस्ता आणि संध्याकाळची वेळ. व्हायझर खाली ओढून उपयोग नाही, सूर्य त्याच्याही खाली. बाबांनी आईचा नॅपकिन मागून घेतला, पाण्याने भिजवून माझ्या मानेवर ठेवला आणि म्हणाले, "आता जागा राहा. दिवसभर वळणं होती म्हणून जागा होतास. झोप इथे लागते."

तर मंडळी, या रस्त्याने गेलेल्यांना विचारतो: तुमच्या मते जंगल कुठे संपतं? पैज अजून सुटलेली नाही, वहीत ती ओळ कोरी आहे.

---

शेंगदाणा | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

दोन्ही महासागरांना चहा पाजणारे बाबा!! त्यांना साष्टांग नमस्कार सांगा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

दूरचा पाहुणा | ५ ऑक्टोबर, रात्री १०:०५

लेखन छान, पण रस्त्याला इतकं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे कळलं नाही. मी तीनदा गेलोय. आधी सात तास एकच झाड, मग दोन तास एकच शेत. रॉकीजमध्ये जा, मग बोलू. हलकेच घ्या.

---

नकाशेवाली | ५ ऑक्टोबर, रात्री ११:३१

पाहुण्यांनी "एकच शेत" म्हटलंय म्हणून लिहायला बसले, नाहीतर झोपणार होते.

बाबांनी "दगड संपला" ही जी नोंद केली ना, तीच खरी सीमा आहे. झाडांकडे बघू नका, जमिनीकडे बघा. तुम्ही ज्या खिंडींतून आलात तो कॅनेडियन शील्डचा कातळ आहे, तिथला अडीच अब्ज वर्षांहून जुना. त्यावर मातीचा थर इतका पातळ की शेती होत नाही, म्हणून तळी आणि जंगल. पश्चिमेला हा कातळ मातीखाली बुडत जातो. संपत नाही, बुडतो.

आणि ती माती आली कुठून? हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळून इथे एक अवाढव्य तळं साचलं होतं, त्याला अगासिझ सरोवर म्हणतात. ऐन भरात असताना आजची पाचही ग्रेट लेक्स मिळून होतील त्याहून मोठं. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी ते शेवटचं रिकामं झालं. विनिपेग उभं आहे ते त्याच्या तळावर. तळाशी बसलेला बारीक गाळ म्हणजे तिथली चिकणमाती, लोक तिला गंबो म्हणतात. म्हणून ते इतकं सपाट आहे. कोणी रोलर फिरवलेला नाही, पाण्याने गाळ निवांत बसू दिलाय.

म्हणजे सेंट ॲनच्या पुढे तुम्ही तळ्याच्या तळावरून गाडी चालवत होतात. समोर नुसतं आभाळ दिसलं यात नवल नाही.

अवांतर: सीमेवरच्या वेस्ट हॉक लेकला थांबला नाहीत का? ते उल्केच्या आघाताने झालेलं विवर आहे. ११५ मीटर खोल, मॅनिटोबातलं सगळ्यात खोल तळं. हायवेला अगदी लागून, आणि लोक तिथे फक्त आइस्क्रीम खायला थांबतात. लोणारवाल्यांनो, लक्ष द्या.

---

चिंगीची आई | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

नकाशेवाली, त्या गंबोबद्दल एक भर. आमचं घर विनिपेगात, तळघराच्या भिंतीला भेग. दाखवायला आणलेला माणूस म्हणाला, माती उन्हाळ्यात आकसते, ओली झाली की फुगते, घर तिच्याबरोबर हलतं. मला एकदम परभणीचं आजोळ आठवलं. मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा. सात समुद्र ओलांडून आले आणि परत त्याच मातीवर घर बांधलं!

वळणवाट, विनिपेगात स्वागत. घर बघताना तळघर आधी बघा, स्वयंपाकघर नंतर.

---

खडूस ट्रकवाला | ६ ऑक्टोबर, दुपारी १:४८

मी हा रस्ता महिन्यातून चार-पाच वेळा करतो, ५३ फुटी ट्रेलर घेऊन. तुमच्या बाबांच्या बिरादरीतला आहे, त्यामुळे उत्तर त्यांच्यासाठी.

जंगल संपलेलं मला डोळ्यांनी कळत नाही, स्टेअरिंगवर कळतं. झाडी असेपर्यंत वारा वरून जातो. झाडी विरळ झाली की एका कुशीने ढकलायला लागतो. ट्रेलर रिकामा असेल तर फारच. रिचरच्या थोडं पुढे हात आपोआप घट्ट होतात. तुमच्या छोट्या गाडीला तेवढं जाणवणार नाही.

हिवाळ्यात तर रेघच मारलेली असते म्हणा. हॅडॅशव्हिलला झाडांत बर्फ शांतपणे पडत असतो, रस्ता दिसतो. तोच पंचवीस-तीस मिनिटांनी उघड्यावर आलात की पडलेला बर्फ वाऱ्याने जमिनीलगत वाहत असतो. वर निळं आभाळ, खाली कमरेएवढा पांढरा लोंढा. पुढच्या गाडीचं छप्पर दिसतं, चाकं दिसत नाहीत. वाढलं की काहीच दिसत नाही आणि हायवे बंद करतात. नवीन आहात म्हणून सांगतो: जंगलातलं हवामान बघून पुढे जाऊ नका. मोकळ्या पट्ट्याची रस्त्याची स्थिती आधी फोनवर बघा. गाडीत घोंगडी, मेणबत्ती, खायला काहीतरी, फावडं. बंद पडलात तर गाडी सोडून चालायला लागायचं नाही.

ऑन्टारियोच्या बाजूला उलटं. तिथे वारा नाही, मूस आहे, म्हणजे घोड्याहून उंच असं अवाढव्य हरीण. त्या "रात्री धोका" वाल्या पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. अंग काळपट, पाय उंच, आणि डोळे आपल्या दिव्यांच्या झोताच्या वर, त्यामुळे हरणासारखे चमकतीलच असं नाही. गाडी पायांना लागते आणि धड काचेवर येतं. अंधार पडला की मी त्या पट्ट्यात ८० च्या वर जात नाही, मागचा कितीही दिवे मारो.

नॅपकिनवाली गोष्ट शंभर टक्के बरोबर. बाबांना सांगा, मी फुटाणे खातो. चावत राहिलं की झोप येत नाही.

---

शेंगदाणा | ६ ऑक्टोबर, दुपारी २:०२

फुटाणे?? शेंगदाणे चालतील की हो.

---

दूरचा पाहुणा | ६ ऑक्टोबर, दुपारी २:३०

ट्रकवाले भाऊ, प्रतिसाद आवडला. माझी गोष्ट सांगतो, तुम्ही हसाल. नोव्हेंबर, रात्र, थंडर बे सोडताना अर्धी टाकी. म्हटलं पुढे भरू. पुढच्या वस्तीत पंप होता, पण रात्री बंद. नंतर शंभर किलोमीटर एक दिवा नाही. हीटर बंद करून, हातमोजे घालून, सत्तरच्या वेगाने इग्नेस गाठलं. काटा लाल रेघेखाली. त्या रात्री मला ते जंगल अजिबात "एकच झाड" वाटलं नाही, प्रत्येक झाड वेगळं मोजलं.

तर कंटाळवाणा हा शब्द अर्धा मागे घेतो. शेताबद्दल मात्र अजून तेच मत.

---

कोरडवाहू | ६ ऑक्टोबर, रात्री ८:५५

सस्कॅचवानात शेतीखात्याशी संबंधित काम करतो, त्यामुळे जरा खुसपट काढतो. वळणवाट, तुम्ही "जंगल संपून प्रेअरी लागली" असं लिहिलेलं नाहीत म्हणून बरं वाटलं, कारण प्रेअरी, म्हणजे न नांगरलेलं नैसर्गिक गवताळ रान, तुम्हाला लागलीच नाही. लागलं ते शेत.

रेड नदीच्या खोऱ्यात पूर्वी उंच गवताची प्रेअरी होती. बिग ब्लूस्टेम नावाचं गवत माणसाच्या डोक्याएवढं वाढतं आणि मुळं त्याहून खोल जातात. मॅनिटोबात त्या प्रेअरीचा एक टक्काही उरलेला नाही. बाकी सगळी नांगराखाली गेली. तुमच्या काचेतून दिसलं ते गहू, कॅनोला, सोयाबीन यांचं कापून झालेलं रान. ते उघडं आहे, मोठं आहे, पण ती प्रेअरी नव्हे.

आणि तिथे झाडं का नव्हती, हेही एका वाक्यात बसत नाही. पाऊस कमी, हे एक. पण आग हे मोठं कारण. काही आगी विजेने लागायच्या, काही तिथले मूळ रहिवासी मुद्दाम लावायचे, नवं गवत फुटावं आणि बायसन यावेत म्हणून. गवताचा जीव जमिनीखाली असतो, ते परत फुटतं. झाडाचं रोप जळून जातं. त्यात बायसनचे कळप रोपं तुडवणार, खोडांना अंग घासणार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बायसन जवळजवळ संपवले गेले, वस्ती झाली, आगी विझवल्या जाऊ लागल्या, तेव्हा जिथे नांगर गेला नाही तिथे ॲस्पन (पॉप्लरचाच एक प्रकार) पसरायला लागला. तुम्ही रिचरला जे ठिपके पाहिलेत, त्यांच्याकडे "जंगल मागे हटतंय" असं न बघता "जंगल पुढे येतंय" असंही बघता येईल. म्हणून बाबांना रेघ सापडली नाही. ती हलती रेघ आहे.

अस्सल प्रेअरी बघायची असेल तर विनिपेगातच लिव्हिंग प्रेअरी म्युझियम आहे. संग्रहालय म्हणजे काय, शहरातला न नांगरलेला जेमतेम तीसेक एकरांचा तुकडा. चारी बाजूंनी घरं. जुलै-ऑगस्टमध्ये जा. दिवस काढता येत असेल तर ५९ नंबरने दक्षिणेला टॉलस्टॉय-गार्डनटनकडे उंच गवताचं राखीव रान आहे, तिथे जा.

आपल्याकडेही हेच. माळरान दिसलं की "पडीक" म्हणून मोकळं व्हायचं, सरकारी कागदावरसुद्धा पडीकच. नान्नजचा माळढोक कुठे गेला ते सोलापूरकरांना विचारा.

---

दूरचा पाहुणा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

दूरचा पाहुणा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:२६

आधीचा प्रतिसाद रागात लिहिला होता म्हणून काढला. कोरडवाहू, पॉइंट पटला. पण मग "प्रेअरी प्रांत" नाव बदला की राव. आमच्यासारखी साधी माणसं पाट्या वाचून बोलतात.

---

नकाशेवाली | ६ ऑक्टोबर, रात्री ९:५०

कोरडवाहूंना +१, "हलती रेघ" साठी. माझी जमिनीवरची रेघ मात्र हलत नाही, ती मी सोडणार नाही. :)

त्या उघड्या भागात रस्ते एकमेकांना काटकोनात का छेदतात ते बाबांना दाखवलंत का? १८७१ पासून तिथे जमीन मोजून मैल गुणिले मैल असे चौकोन पाडले, एका चौकोनात ६४० एकर. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं जवळ येतात, म्हणून ठरावीक अंतरावर हिशेब दुरुस्त करावा लागतो. तिथे सरळ जाणारा कच्चा रस्ता अचानक थोडा बाजूला सरकून पुन्हा सरळ होतो. एवढ्या सपाटीवर मधेच एक निष्कारण वळण. ती पृथ्वीची गोलाई आहे. घाटातल्या ड्रायव्हरला हे वळण नक्की आवडेल.

---

चिंगीची आई | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

विनिपेगच्या थोडं अलीकडे "कॅनडाचा रेखांशीय मध्य" अशी पाटी लागते, ९६ अंश ४८ मिनिटं काहीतरी. ती दिसली का? आमच्या घरात जंगल तिथे संपतं असं मानतात, कारण तिथे चिंगीला नेहमी शू लागते आणि आडोसा म्हणून एक झाड मिळत नाही.

---

खडूस ट्रकवाला | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

चिंगीच्या आई, 😂 हाच सगळ्यात शास्त्रीय निकष आहे.

---

वळणवाट | ७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. काल रात्री बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. ट्रकवाल्यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. वारा कुशीने ढकलतो यावर म्हणाले, "बरोबर. तासगावच्या पुढे माळाला रिकामी गाडी अशीच करते." कोरडवाहूंचं ऐकून गप्प बसले. मग विचारलं, ते बायसन म्हणजे आपला गवा का? म्हटलं जवळचा नातेवाईक. आंबा घाटात पहाटेच्या फेरीला गवे आडवे यायचे, गाडीचे दिवे मंद करून उभं राहावं लागायचं, ती हकिगत मग तासभर चालली.

मध्याची पाटी दिसली होती, पण तेव्हा सूर्य डोळ्यांत होता, थांबलो नाही. त्यानंतर एक मोठा कोरडा कालवा ओलांडला. बाबांना वाटलं नदी आटलीय. ती रेड नदीचा पूर शहराबाहेरून वळवायची चर, ४७ किलोमीटर लांब, १९६८ साली पूर्ण झालेली. हे मी घरी येऊन वाचलं. त्यांना सांगितलं तर लगेच म्हणाले, "सांगलीला एक खणा." २०१९ ला आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्यावर आई काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली.

पैजेचं: आई म्हणते, इतक्या शिकलेल्या लोकांनी पाच वेगळ्या जागा सांगितल्या, म्हणजे मी जिंकले. बाबा मानायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, एका दिशेने जाऊन नोंद होत नाही, फेरीला येणं-जाणं दोन्ही लागतं. परतीच्या वाटेवर पहिलं झाड कुठे लागतं ते बघायचं. शनिवारी हॅडॅशव्हिलपर्यंत जाऊन यायचं ठरलंय. सकाळी निघायचं असं मी म्हणालो, तर नाही म्हणाले. पूर्वेला जाताना सकाळी परत सूर्य तोंडावर. दुपारी जेवून निघू आणि अंधाराच्या आत परत.

---

शेंगदाणा | ७ ऑक्टोबर, रात्री ९:४१

परतताना पुन्हा पश्चिम, पुन्हा संध्याकाळ, पुन्हा सूर्य तोंडावर! बाबांना कळवा.

---

वळणवाट | ७ ऑक्टोबर, रात्री १०:०२

कळवलं. म्हणाले, "तेव्हा उशीर करून सूर्य बुडाल्यावर निघू, पण मग त्या मूसचं काय?" आता ट्रकवाल्यांना विचारायला सांगितलंय.

---

खडूस ट्रकवाला | ७ ऑक्टोबर, रात्री १०:२०

हॅडॅशव्हिलच्या बाजूला हरणं जास्त, पण मूसही असतातच. अंधारात नकोच. चारला परत फिरा, सूर्य बराच वर असतो, साडेपाचपर्यंत घरी. मी शनिवारी त्याच सुमारास पूर्वेकडून येतोय. पांढरा ट्रक, बोनेटवर निळी पट्टी. दिसलो तर दिवे मारीन, बाबांना हात करायला सांगा.